सुई (शिवणकाम)

सुई हे कापड, कातडे, गोणपाट इत्यादी वस्तू दोऱ्याच्या साहाय्याने जोडण्यासाठी वापरले जाणारे बारीक, लांबट व टोकदार साधन आहे. सुईला दोरा ओवण्यासाठी एक छिद्र असते. त्यास नेढे म्हणतात. हाताने शिवण्याच्या सुईत नेढे टोकाच्या विरुद्ध बाजूस असते, तर शिवणयंत्राच्या सुईत ते टोकाजवळच असते. आजच्या सुया मुख्यत्वे पोलादाच्या असतात व त्यांवर निकेलचा मुलामा असतो.

सुई दिसायला साधी असली, तरी तिची जाडी, टोकाचा आकार आणि नेढ्याची रुंदी ही कापड व दोरा यांच्याशी जुळवूनच ठरवलेली असते. दोरा तुटणे, टाका सुटणे, कापडाला भोके पडणे अशा शिवणातील अनेक दोषांचे मूळ अयोग्य किंवा झिजलेल्या सुईत असते. निष्काळजीपणे हाताळलेली सुई गंभीर इजाही करू शकते. या लेखात सुईची रचना, इतिहास, प्रकार, निवड व सुरक्षित वापर यांची माहिती दिली आहे.

विणकामाच्या लांब सुया, क्रोशाची आकडेदार सुई व इंजेक्शनची पोकळ सुई ही वेगळी साधने असून त्यांचा समावेश या लेखात केलेला नाही.

## नाव

मराठीतील 'सुई' हा शब्द संस्कृत 'सूचि' किंवा 'सूची' या शब्दापासून आला आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतील 'सूचिपर्णी वने' या संज्ञेत तोच शब्द आहे. सुईसारखी पाने असणाऱ्या वृक्षांची वने, असा तिचा अर्थ. 'सूच्यग्र' म्हणजे सुईचे टोक. सुईच्या टोकावर मावेल एवढीही भूमी पांडवांना देणार नाही, हे दुर्योधनाचे महाभारतातील उत्तर प्रसिद्ध आहे.

गोणपाट, ताडपत्री अशा जाड वस्तू सुतळीने शिवण्याच्या मोठ्या सुईला 'दाभण' म्हणतात. 'नेढे' हा शब्द सुईच्या छिद्राखेरीज डोंगरातील आरपार नैसर्गिक छिद्रासाठीही वापरला जातो. राजगड व रतनगड या किल्ल्यांवरील नेढी गिर्यारोहकांच्या परिचयाची आहेत.

## रचना

हातसुईचे तीन भाग असतात.

* टोक : कापडाचे धागे बाजूला सारून किंवा भेदून सुई आत शिरते तो भाग.
* दांडा : टोक व नेढे यांमधील गुळगुळीत भाग. कापडात किती मोठे छिद्र पडणार, हे त्याच्या जाडीवरून ठरते.
* नेढे : दोरा ओवण्याचे छिद्र. त्याच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असतात. त्या खडबडीत राहिल्यास दोरा झिजून तुटतो.

यंत्रसुईची रचना अधिक गुंतागुंतीची असते. यंत्रात बसणारा तिचा वरचा भाग जाड असतो. घरगुती यंत्रांच्या सुईत त्याची एक बाजू चपटी, तर अनेक औद्योगिक यंत्रांच्या सुईत तो पूर्ण गोल असतो. दांड्याच्या एका बाजूस लांब खाच असते. सुई कापडातून खाली जाताना दोरा या खाचेत बसतो, त्यामुळे तो कापडाला घासत नाही. विरुद्ध बाजूस, नेढ्याच्या किंचित वर, दुसरी आखूड खोलगट जागा असते. यंत्राचा आकडा याच ठिकाणी सुईच्या अगदी जवळून जातो.

सुई कापडात सहज शिरते याचे कारण दाबाच्या नियमात आहे. बल तेच ठेवून क्षेत्रफळ कमी केले, की दाब वाढतो. बोटाने दिलेले थोडे बल सुईच्या अतिसूक्ष्म टोकावर एकवटते आणि तेथील दाब फार मोठा होतो. टोक बोथट झाले, की क्षेत्रफळ वाढते. मग तेच काम करण्यास जास्त जोर लावावा लागतो. जोर लावताना सुई निसटून बोटात घुसण्याचा संभव वाढतो. म्हणूनच बोथट सुई तीक्ष्ण सुईपेक्षा निरुपद्रवी असते, हा समज बरोबर नाही.

## इतिहास

### प्राचीन काळ

सुई हे मानवाच्या अतिप्राचीन साधनांपैकी एक आहे. आरंभीच्या सुया प्राण्यांच्या किंवा पक्ष्यांच्या हाडांपासून बनवत. सायबेरियातील डेनिसोव्हा गुहेत सापडलेली, नेढे असलेली हाडाची सुई सुमारे ७ सेंमी लांब असून तिचे वय सुमारे ५०,००० वर्षे असल्याचे संशोधकांनी मांडले आहे. कातडी एकमेकांना शिवून अंगाला घट्ट बसणारे कपडे करता येऊ लागल्याने अतिथंड प्रदेशात राहणे मानवाला सुकर झाले.

धातुयुगात तांबे व कांसे यांच्या सुया आल्या. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरील उत्खननांत अशा सुया मिळाल्या आहेत. सुश्रुतसंहितेत जखम शिवण्याच्या सुयांचे वर्णन असून शरीराच्या निरनिराळ्या भागांसाठी गोल, तीनधारी व धनुष्यासारखी वाकडी अशा वेगवेगळ्या सुया सांगितल्या आहेत. जे शिवायचे त्यानुसार सुई निवडावी, हे तत्त्व त्या काळीही ज्ञात होते, असे यावरून दिसते.

### कारागिरी ते कारखाना

मध्ययुगीन युरोपात जर्मनीतील न्यूरेम्बर्ग हे सुया बनवण्याचे एक प्रमुख केंद्र होते. पुढे इंग्लंडमधील रेडिच हे गाव या उद्योगाचे केंद्र बनले व एकोणिसाव्या शतकात जगाला लागणाऱ्या सुयांचा फार मोठा भाग तेथे तयार होऊ लागला. तेथील एका जुन्या सुई-गिरणीत आता सुयांचे संग्रहालय आहे.

या उद्योगाची मोठी किंमत कामगारांनी मोजली. सुईला टोक काढण्यासाठी तारा कोरड्या फिरत्या दगडावर धरत. दगडाची व पोलादाची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाई आणि हे काम करणारे अनेक कारागीर तरुणपणीच फुप्फुसाच्या विकाराने दगावत. धूळ ओढून घेणारे पंखे आल्यावर व पुढे हे काम यंत्रांकडे गेल्यावर हा धोका कमी झाला.

### शिवणयंत्राची सुई

हातसुईत नेढे मागे असल्याने प्रत्येक टाक्याला संपूर्ण सुई कापडाच्या पलीकडे ओढून घ्यावी लागते. यंत्राला ही क्रिया करणे कठीण होते. नेढे टोकाजवळ आणल्याने ही अडचण दूर झाली, कारण आता सुईचे केवळ टोक कापडातून खाली जाऊन परत आले तरी पुरे होते. एलियस हाउ या अमेरिकन संशोधकाला १० सप्टेंबर १८४६ रोजी मिळालेल्या पेटंटमध्ये टोकाजवळ नेढे असलेली सुई व दोन दोऱ्यांचा गुंफलेला टाका यांचा समावेश होता. टोकाजवळ नेढे असलेल्या सुईचे प्रयोग त्यापूर्वीही इतरांनी केले होते. आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या सुधारित यंत्राचे पेटंट घेतले व त्यानंतर शिवणयंत्राचा जगभर प्रसार झाला. यंत्रांच्या अतिरेकावर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही शिवणयंत्राला उपयुक्त शोध म्हणून अपवाद केले होते.

## निर्मिती

पारंपरिक पद्धतीत पोलादी तारेचे दोन सुयांच्या लांबीचे तुकडे करत. तुकडा सरळ करून त्याच्या दोन्ही टोकांना अणी काढत, मधोमध दोन नेढी पाडत व नंतर तो मध्यावर मोडून दोन सुया वेगळ्या करत. आज ही कामे यंत्रे करतात.

यानंतर सुया तापवून तेलात एकदम थंड करतात. त्यामुळे पोलाद कठीण होते, परंतु ठिसूळही बनते. तो ठिसूळपणा कमी करण्यासाठी त्या पुन्हा मंद आचेवर तापवतात. शेवटी घासून चकाकी आणतात व मुलामा देतात. भरतकामाच्या काही सुयांच्या नेढ्याला सोन्याचा मुलामा असतो. चांगली सुई थोडी लवते. प्रमाणाबाहेर वाकवल्यास मात्र तिचा तुकडा उडतो. यंत्रावर शिवताना कापड हाताने ओढू नये, असे सांगतात त्याचे हेच कारण आहे.

## हातसुयांचे प्रकार

हातसुयांना साधारणपणे १ ते १२ असे क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक व आखूड. यंत्रसुयांचा क्रम याच्या नेमका उलट असतो.

* साधी सुई : मध्यम लांबी, तीक्ष्ण टोक, लहान गोल नेढे. हातशिलाई, बटण लावणे, उसवलेली शिवण सांधणे अशा रोजच्या कामासाठी.
* आखूड सुई : लहान व मजबूत. बारीक, जवळजवळच्या टाक्यांसाठी. शिंपी व रजईकाम करणारे हिचा वापर करतात.
* भरतकामाची सुई : टोक तीक्ष्ण, नेढे लांबट. रेशमाच्या एकाहून अधिक पदरी दोऱ्यासाठी.
* बोथट टोकाची जाड सुई : मोकळ्या विणीच्या जाळीदार कापडावरील भरतकामासाठी आणि लोकरीचे विणलेले भाग जोडण्यासाठी. ती धागा चिरत नाही, दोन धाग्यांच्या मधून जाते. लहान मुलांना टाके शिकवण्यासही हीच योग्य.
* रफूची सुई : लांब, मोठ्या नेढ्याची. फाटलेल्या जागी आडवे-उभे धागे भरून वीण पुन्हा साधण्यासाठी.
* मण्यांची सुई : अतिशय बारीक व लांब. टिकल्या व बारीक मणी ओवण्यासाठी. ती सहज वाकते.
* कातड्याची सुई : तीनधारी टोक. ते कातडे कापत आत जाते. कापडावर ही वापरल्यास धागे कापले जातात.
* वाकडी सुई : अर्धवर्तुळाकार. गादी, सोफा, दिव्याची छत्री अशा, मागून हात न पोचणाऱ्या वस्तूंसाठी.
* दाभण : धान्याची पोती, गोणपाट, ताडपत्री यांसाठी.
* नाडी ओवायची सुई : जाड, बोथट, रुंद नेढ्याची. परकर, पायजमा यांच्या नेफ्यातून नाडी किंवा इलॅस्टिक ओढण्यासाठी. घरोघरी या कामी सेफ्टी पिनही वापरतात.
* फटीच्या नेढ्याची सुई : नेढ्याच्या माथ्यावर बारीक फट असते. दोरा वरून दाबला की आत बसतो. अंध किंवा अधू दृष्टीच्या व्यक्तींना उपयुक्त.

मोच्याची 'आरी' व आरीकामाची आकडेदार सुई ही सुईशी नाते असलेली साधने आहेत. त्यांच्या टोकाशी आकडा किंवा खाच असते व ती दोरा ओढून घेते.

महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ शिवण्यासाठी मोठी, मजबूत सुई लागते. जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवताना एका वेळी अनेक टाके सुईवर घेऊन मग ती ओढतात. आखूड सुईने हे काम संथ होते व बोटे लवकर दुखतात. सुई ढकलताना बोटाला इजा होऊ नये म्हणून मधल्या बोटात धातूचे टोपण घालतात, त्यास 'अंगुस्तान' म्हणतात.

## यंत्रसुया

### क्रमांक

यंत्रसुईवर बहुधा ९०/१४ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा दांड्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दर्शवतो. म्हणजे ९० क्रमांकाची सुई ०.९० मिमी जाड असते. दुसरा आकडा जुन्या अमेरिकन पद्धतीचा आहे. भारतातील दुकानांत 'चौदा नंबर', 'सोळा नंबर' असे हाच आकडा सांगून सुई मागतात.

* ६०/८ व ६५/९ : शिफॉन, जॉर्जेट, तलम रेशीम
* ७०/१० व ७५/११ : मलमल, वॉइल, पातळ सुती कापड
* ८०/१२ : पॉपलिन व ब्लाउजचे नेहमीचे कापड
* ९०/१४ : शर्टाचे कापड, मध्यम खादी, चादरी
* १००/१६ : पॅन्टचे जाड कापड, डेनिम
* ११०/१८ : जाड डेनिम, कॅन्व्हास, रेक्झिन

हे प्रमाण सर्वसाधारण आहे. नव्या कापडावर शिवण्यापूर्वी त्याच कापडाच्या तुकड्यावर टीप घालून पाहणे इष्ट.

### टोकावरून प्रकार

सर्वसाधारण सुईचे टोक किंचित गोलसर असते व ती बहुतेक विणलेल्या कापडांना चालते. बनियन, टी-शर्ट अशा होजियरी कापडासाठी गोल टोकाची सुई लागते. ती फासे न तोडता त्यांच्या मधून जाते. ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिक कापडासाठी, डेनिमसाठी व कातड्यासाठी वेगवेगळ्या सुया मिळतात. जोडसुईत एकाच दांड्याला दोन सुया असतात. तिने वरून दोन समांतर टिपा पडतात.

सुईचा क्रमांक जुळला म्हणजे ती प्रत्येक यंत्रात बसतेच असे नाही. तिची लांबी व वरच्या भागाचा आकार यंत्राच्या प्रकारानुसार बदलतो. घरगुती यंत्राची चपट्या बाजूची सुई आणि कारखान्यातील यंत्राची गोल दांड्याची सुई यांची अदलाबदल करता येत नाही. खरेदीला जाताना जुनी सुई सोबत नेणे हा सोपा उपाय होय.

### टाका कसा पडतो?

सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते. ती परत वर येऊ लागताच खाली अडकलेल्या दोऱ्याचा छोटा फास सुईच्या मागे तयार होतो. यंत्राचा आकडा हा फास पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतो. मग वरचा दोरा ओढला जाऊन दोन्ही दोऱ्यांची गुंफण कापडाच्या थरांमध्ये घट्ट बसते. सुई थोडी वाकलेली, उलटी बसवलेली किंवा पूर्ण वर न सारलेली असेल, तर आकड्याला फास सापडत नाही आणि टाका सुटतो.

## नेहमी पडणारे प्रश्न

यंत्राची सुई कधी बदलावी?
साधारणपणे सुमारे ८ तास शिवण झाल्यावर, किंवा मोठे काम नव्याने हाती घेताना सुई बदलण्याचा सल्ला दिला जातो. सुई टाचणीवर, चेनवर किंवा बटणावर आपटली असल्यास ती सरळ दिसत असली तरी लगेच बदलावी.

सुई खराब झाली हे कसे ओळखावे?
शिवताना 'टक् टक्' असा आवाज येणे, कापडाचे धागे ओढले जाणे, मधले टाके सुटणे व दोरा वारंवार तुटणे ही लक्षणे आहेत. सुईची चपटी बाजू काचेवर ठेवून पाहिल्यास वाक लक्षात येतो. सुई आणि काच यांमधील फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे.

यंत्राची सुई कोणत्या बाजूने ओवावी?
यंत्रानुसार दोरा समोरून, डावीकडून किंवा उजवीकडून ओवला जातो. लक्षात ठेवण्याचा नियम एकच : लांब खाच ज्या बाजूस असेल, त्या बाजूने दोरा नेढ्यात घालावा.

हातसुईत दोरा किती लांब घ्यावा?
बोटांपासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे ४५ ते ५० सेंमी. यापेक्षा लांब दोरा गुंततो, पुनःपुन्हा कापडातून गेल्याने झिजतो आणि हात दूरवर ओढावा लागल्याने शेजारी बसलेल्याला सुई लागण्याची शक्यता असते.

दोरा ओवता येत नसल्यास काय करावे?
दोऱ्याचे टोक कात्रीने तिरके कापावे, नेढ्यामागे विरोधी रंगाचा कागद धरावा व उजेडाकडे तोंड करून बसावे. बारीक तारेचा फास असलेली ओवणीही बाजारात मिळते. तरीही दोरा जात नसेल, तर तो त्या सुईसाठी जाड आहे असे समजावे.

सुया गंजू नयेत म्हणून काय करावे?
त्या कोरड्या डबीत किंवा लोकरीच्या तुकड्यात टोचून ठेवाव्यात. कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात सुया उघड्यावर ठेवू नयेत. गंजलेली सुई कापडावर डाग पाडते व धागे ओढते. ती वापरातून काढून टाकावी.

सुई हरवल्यास कशी शोधावी?
प्रथम सर्वांना, विशेषतः मुलांना, खोलीतून बाहेर काढावे व पायांत चप्पल घालावी. विजेरी जमिनीलगत आडवी धरल्यास सुई चमकते. सुई पोलादी असल्याने लोहचुंबक फिरवूनही ती सापडते. गादी, सतरंजी व घड्या घातलेले कपडे यांची तपासणी शेवटी न चुकता करावी.

## सुरक्षितता

### नेहमीची काळजी

काम सुरू करताना व संपवताना सुया मोजणे ही सर्वांत उपयुक्त सवय आहे. वापरात नसलेल्या सुईत दोऱ्याचा तुकडा ओवून ठेवल्यास ती पडली तरी चटकन दिसते. सुई तात्पुरती ठेवायची झाल्यास सुईच्या उशीत टोचावी. ओठांत धरलेली सुई हसताना, खोकताना किंवा बोलताना घशात जाऊ शकते. पदराला, ब्लाउजला किंवा पलंगाच्या चादरीला टोचून ठेवलेली सुई विसरली जाते व पुढे मूल कुशीत घेताना ते तिच्यामुळे जखमी होऊ शकते.

शिवणयंत्रात सुई बदलताना किंवा ओवताना विजेचे यंत्र बंद करावे व पायाच्या यंत्राच्या पायपट्टीवरून पाय काढावा. यंत्र चालू असताना बोटे सुईच्या अगदी समोर नेऊ नयेत.

### सुई टोचल्यास

किरकोळ टोचणीत जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे. तीवर हळद, माती, शेण असे काही भरू नये.

धनुर्वात गंजामुळे होतो, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात माती, धूळ व शेण यांत आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जिवाणूमुळे तो होतो. खोल पण अरुंद जखमेत हवा पोचत नाही व हा जिवाणू तेथे वाढू शकतो. म्हणून जखम लहान दिसते यावर विसंबू नये. चकचकीत सुईही मळलेली असू शकते. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बालपणीच्या मात्रांनंतर १० व १६ वर्षे वयाला धनुर्वात व घटसर्प यांवरील टीडी लस दिली जाते. त्यानंतर साधारण दर १० वर्षांनी वर्धक मात्रेची शिफारस असते. जखम मळलेली असून शेवटच्या मात्रेला ५ वर्षांहून अधिक काळ झाला असल्यास, किंवा लसीकरणाविषयी खात्री नसल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

### सुई शरीरात तुटल्यास

सुईचा तुकडा हाता-पायात राहिल्यास दुसऱ्या सुईने उकरून तो शोधू नये. असे केल्याने तुकडा आणखी खोल जातो. तो भाग हलवू नये, त्यावर भार देऊ नये व लवकर रुग्णालयात जावे. पोलादी तुकडा क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसतो. उरलेला तुकडा सोबत नेल्यास आत किती लांबीचा भाग आहे, याचा अंदाज डॉक्टरांना येतो.

अशी सुई रक्तातून थेट हृदयात जाते, ही भीती अनेकांना वाटते. बहुतेक वेळा तुकडा जवळच्या मांसल भागातच राहतो. परंतु स्नायूंच्या हालचालीने तो जागा बदलू शकतो. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नसले, तरी दिरंगाईही करू नये. छाती, मान, पोट किंवा डोळा यांत घुसलेली सुई मात्र जागेवर ओढून काढू नये. ती हलणार नाही अशी काळजी घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

यंत्राची सुई बोटातून आरपार गेल्यास प्रथम यंत्र थांबवावे. सुई बोटात अडकलेली असेल, तर हात हिसकू नये. सुई धरून ठेवणारा स्क्रू सैल करून सुईसह बोट सोडवावे व डॉक्टरांकडे जावे.

### सुई गिळल्यास

ही तातडीची स्थिती आहे. उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, रेचक देऊ नये व सुई 'गुंडाळून बाहेर पडेल' या समजुतीने केळी किंवा भाताचे गोळे खाऊ घालू नयेत. काहीही खाण्यापिण्यास न देता रुग्णालयात न्यावे, कारण सुई दुर्बिणीने काढायची झाल्यास पोट रिकामे असणे सोयीचे असते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. मुलाने सुई गिळल्याची केवळ शंका असली, तरी तपासणी करून घ्यावी.

### इतर उपयोग टाळणे

काटा काढणे, फोड फोडणे, कान टोचणे, गोंदणे यांसाठी शिवणाची सुई वापरली जाते. एकाची सुई दुसऱ्यासाठी वापरल्यास रक्तावाटे कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. सुई क्षणभर ज्योतीवर धरल्याने ती खात्रीने निर्जंतुक होत नाही.

### विल्हेवाट

मोडकी सुई केराच्या पिशवीत टाकल्यास ती कचरा गोळा करणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात घुसते. अशा सुया घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या डबीत साठवाव्यात. डबी भरल्यावर तिचे झाकण चिकटपट्टीने बंद करावे, वर 'तुटक्या सुया' असे लिहावे व ती सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावी किंवा भंगारात घालावी.

## वस्त्रोद्योगातील नियम

तयार कपड्यांच्या, विशेषतः निर्यातीच्या, कारखान्यांत तुटलेल्या सुईबाबत काटेकोर पद्धत पाळली जाते. सुई तुटली की काम थांबवून तिचे सर्व तुकडे शोधतात, ते जुळवून नोंदवहीत चिकटवतात व त्यानंतरच कारागिराला नवी सुई देतात. एखादा तुकडा सापडला नाही, तर आसपासचे कपडे वेगळे काढून धातुशोधक यंत्रातून तपासतात. लहान मुलांच्या कपड्यांत सुईचा तुकडा राहू नये, हा यामागील मुख्य हेतू होय. घरगुती शिवणकामातही तुकडे जुळवून पाहण्याची ही रीत अंगीकारण्याजोगी आहे.

## लोकजीवनात

संत नामदेव हे शिंपी समाजातील होते. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या एका पदात सुई-दोऱ्याच्या रूपकातून ईश्वराशी जडलेले चित्त वर्णिले आहे. गावोगाव फिरून सुया, दाभण, पोत विकणाऱ्या स्त्रिया हे महाराष्ट्रातील ग्रामजीवनाचे एक परिचित दृश्य होते.

दिवेलागणीनंतर कोणाला सुई देऊ नये आणि अंगावरचा कपडा अंगावरच शिवू नये, असे संकेत अनेक मराठी घरांत पाळले जात. त्यांना शकुन-अपशकुनाचे रूप मिळाले असले, तरी अंधुक उजेडात पडलेली सुई सापडत नाही व अंगावर शिवताना ती टोचते, हा व्यवहार त्यांत सहज दिसतो.

खंडेनवमीला व दसऱ्याला शिंपी आपली कात्री व शिवणयंत्र यांची पूजा करतात. जपानमध्ये ८ फेब्रुवारी रोजी, तर काही भागांत ८ डिसेंबर रोजी, 'हारी-कुयो' हा विधी होतो. त्यात वर्षभर राबून मोडलेल्या व झिजलेल्या सुया टोफूच्या मऊ वडीत टोचून त्यांना कृतज्ञतेने निरोप दिला जातो.

## हेही पाहा

* शिवणयंत्र
* भरतकाम
* गोधडी
* दोरा
* धनुर्वात
* प्रथमोपचार